एक वर्ड, १०२४ बाइट मागचा

तक्रार साधी दिसत होती. फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, प्रोग्रॅम लिहायचा, परत वाचून ताडून पाहायचा, आणि डीबगर सांगायचा की एका ठिकाणी चार बाइट जुळत नाहीत. पुन्हा लिहिण्याच्या भानगडीत न पडता नुसतं पुन्हा वाचलं की ती जागा ठीक निघायची, आणि कधी भलतीच जागा बिघडलेली दिसायची. म्हणजे लिहिणं बरोबर होतं, घोळ वाचण्यात होता. चिपच्या पोटात डोकावायचं साधनच खोटं बोलत असेल, तर त्याच्या भरवशावर शोधलेला एकही बग खात्रीचा राहत नाही. म्हणून हे काम अंगावर घेतलं.

प्रकल्पाचं नाव मुद्दाम देत नाही, प्रकार सांगतो. या क्षेत्रात ओपनओसीडी हे चिप डीबग करायचं मुक्त सॉफ्टवेअर सगळ्यांना माहीत असतं. डॉमिनिक राथ यांनी ते २००५ मध्ये ऑग्सबर्गच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात पदविका प्रबंध म्हणून सुरू केलं आणि आज ते बरंच मोठं झालं आहे. मी ज्यात काम करत होतो तो प्रकल्प याच वळणाचा, पण खूप लहान. एका बाजूला जीडीबी, म्हणजे प्रोग्रॅमर ज्याला आज्ञा देतो तो डीबगर, दुसऱ्या बाजूला यूएसबीवरचा अ‍ॅडॉप्टर, तिथून दोन तारा चिपकडे. सगळा कोड सी भाषेत, आणि बराचसा अशा लोकांनी लिहिलेला जे आता दुसरीकडे रमले आहेत.

बग समजायला त्या दोन तारांवर काय चालतं ते थोडं सांगावं लागेल. चिपचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीच्या एसडब्ल्यूडी या दोन तारांच्या पद्धतीत डीबगर ८ बिटांची विनंती पाठवतो, चिप ३ बिटांत पोच देते आणि मग ३२ बिटांचा डेटा व चूक ओळखण्यासाठी एक पॅरिटी बिट जातो. पोच तीन प्रकारची: ओके, वेट किंवा फॉल्ट. वेट म्हणजे आधीचं काम अजून संपलेलं नाही, पुन्हा विचार; फॉल्ट म्हणजे काहीतरी चुकलं आहे. मेमरी वाचताना आणखी एक गंमत असते. वाचायला सांगितलेला वर्ड, म्हणजे चार बाइटांचा तुकडा, त्याच व्यवहारात मिळत नाही, पुढच्या वाचनासोबत येतो. शंभर वर्ड मागितले तर पहिलं उत्तर टाकून द्यायचं, दुसऱ्या उत्तरात पहिला वर्ड, तिसऱ्यात दुसरा, आणि शेवटच्या वर्डसाठी आरडीबफ नावाचं रजिस्टर (चिपमधली छोटी साठवणजागा) वेगळं वाचायचं. म्हणून ड्रायव्हरला, म्हणजे हे व्यवहार चालवणाऱ्या कोडला, सतत लक्षात ठेवावं लागतं की आत्ता आलेला डेटा कोणाच्या पदरात टाकायचा आहे.

त्यात यूएसबीची भर. प्रत्येक व्यवहारासाठी संगणकापासून अ‍ॅडॉप्टरपर्यंत ये-जा केली तर वाचन रखडतं, त्यामुळे ड्रायव्हर शेकडो व्यवहारांची रांग लावून ती एकदम पाठवतो. मधल्याच व्यवहाराला वेट आलं तर? त्यासाठी चिपमध्ये ओव्हररन (चिप तयार नसतानाच पुढचा व्यवहार येणं) ओळखण्याची सोय चालू ठेवतात. पोच काहीही आली तरी डेटाची ३३ बिटं तारेवरून जातातच, चिप एक चिकट झेंडा, म्हणजे मुद्दाम उतरवेपर्यंत टिकणारी खूण, उभा करते आणि रांगेतल्या पुढच्या वाचनांना फॉल्ट देत राहते. ड्रायव्हरने रांग तपासायची, पहिलं वेट कुठे आलं ते पाहायचं, अबॉर्ट रजिस्टरमध्ये लिहून झेंडा उतरवायचा आणि तिथून पुढचे व्यवहार पुन्हा पाठवायचे. कागदावर सरळ आहे.

आधी बग हुकमी घडवून आणायला हवा होता. तक्रार करणाऱ्याच्या बोर्डावर प्रोग्रॅम बाहेरच्या सिरियल फ्लॅशमध्ये होता, आणि एक कंट्रोलर ती फ्लॅश साध्या मेमरीसारखी दाखवायचा. ओळीने वाचत गेलं तर तो पुढचे बाइट आधीच आणून ठेवतो. वाचनात खंड पडला की त्याला आज्ञा, पत्ता सगळं नव्याने पाठवावं लागतं आणि तेवढं एक वाचन रेंगाळतं. मी एसडब्ल्यूडीचा वेग ४ मेगाहर्ट्झवर नेला, फ्लॅशचं घड्याळ उतरवलं आणि बग हवा तेव्हा दिसू लागला. वेग कमी केला की गायब. सविस्तर लॉग चालू केला तरी गायब! तो मात्र निव्वळ योगायोग नव्हता. लॉग चालू असताना ड्रायव्हर रांग न लावता एकेक व्यवहार पाठवायचा, त्यामुळे चिपला दोन व्यवहारांमध्ये भरपूर उसंत मिळायची. ज्याने कोणी ही सोय केली त्याचा हेतू चांगला असेल, पण निदानासाठी चालू केलेली गोष्ट रोग लपवत होती.

कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचं बायसेक्ट चालवून पाहिलं; बग कुठल्या बदलापासून दिसतो ते जुन्या आवृत्त्या तपासत शोधणारी ही सोय. त्याने बोट ठेवलं ते एसडब्ल्यूडीचा मूळ वेग वाढवणाऱ्या एका ओळीच्या कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर. ती ओळ निर्दोष होती. बायसेक्ट सांगतं की बग कधीपासून दिसू लागला. तो कधी जन्मला हे त्याला कळत नाही. इथे दोन्हींत बरीच वर्षं गेली होती, कारण कमी वेगात वेट येतच नसे आणि तो कोड चालायची वेळच येत नसे.

खरा धागा हाती लागला तो चुकीच्या बाइटांमधूनच. ते कचरा नव्हते. चुकीचा वर्ड प्रत्येक वेळी त्याच्या आधी नेमक्या १०२४ बाइटांवर असलेल्या वर्डशी हुबेहूब जुळायचा. १०२४ म्हटलं की या क्षेत्रातल्या माणसाच्या डोक्यात एकच दिवा पेटतो: पत्ता ठेवणारं टार रजिस्टर. प्रत्येक वाचनानंतर ते आपोआप पुढे सरकतं, पण त्याची हमी फक्त खालच्या १० बिटांपुरती, म्हणजे १ किलोबाइटच्या हद्दीपर्यंत असते. हद्द ओलांडताना पत्ता नव्याने लिहावा लागतो. चर्चेत बहुतेकांचं म्हणणं पडलं की हद्दीवर पत्ता लिहायचा राहतो, म्हणून वाचन गुंडाळून मागे जातं. ऐकायला अगदी पटणारं. फक्त तसं असतं तर हद्दीनंतरचे सगळे वर्ड चुकले असते, आणि इथे भर मध्येच एकुलता एक वर्ड चुकत होता.

मग लॉजिक अ‍ॅनालायझर जोडला. तारांवरचे संकेत टिपणारा, २४ मेगाहर्ट्झने नमुने घेणारा, आठ चॅनलचा, साधाच. सिग्रोकच्या पल्सव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये एसडब्ल्यूडीची बिटं उलगडणारा डीकोडर आयता आहे, त्यामुळे बिटं मोजत बसावं लागलं नाही. तारेवर सगळं चोख होतं. हद्दीवर टार लिहिलं जात होतं, वेटनंतर अबॉर्ट जात होतं, व्यवहार पुन्हा पाठवला जात होता, आणि बरोबर वर्ड चिपकडून आलासुद्धा होता. तो मेमरीत पोचला नव्हता एवढंच. आणि प्रत्येक हरवलेल्या वर्डच्या पाठोपाठ एक वेट उभं होतं.

त्यानंतर कोड वाचायला फारसा वेळ लागला नाही. आलेला डेटा कुठे ठेवायचा हे सांगणारा एक पॉइंटर होता, ‘मागच्याची जागा’ या अर्थाचा. ड्रायव्हर आधी त्याची किंमत बाजूला काढायचा, लगेच त्यात चालू व्यवहाराची जागा भरायचा आणि मग पोच बघायचा. पोच ओके असेल तर काही बिघडत नाही. वेट आलं, तर व्यवहार पुन्हा पाठवताना पॉइंटर आधीच एक पाऊल पुढे गेलेला असतो. मागच्या वर्डचा डेटा चालू वर्डच्या जागेत पडतो, आणि पुढच्या व्यवहारात खरा डेटा येऊन त्यावर बसतो. म्हणजे चूक स्वतःच स्वतःचा माग पुसते! उरते फक्त एक न भरलेली जागा. ड्रायव्हर दर १ किलोबाइटच्या तुकड्याला तोच बफर (तात्पुरती साठवणजागा) वापरायचा, त्यामुळे त्या जागेत आधीच्या तुकड्यातला वर्ड तसाच पडून राहायचा. १०२४ चं कोडं असं सुटलं. टारच्या हद्दीशी त्याचं नातं होतं, पण दूरचं.

दुरुस्ती एका ओळीची: पॉइंटर पुढे सरकवायचं काम पोच तपासल्यानंतर करायचं. खरं दुखणं हे की तोच कोड तीन अ‍ॅडॉप्टरांच्या ड्रायव्हरांमध्ये तीनदा होता. कधीतरी कॉपी झालेला, नंतर प्रत्येकाने आपापल्या परीने वाढवलेला, आणि आता एकेक फंक्शन चारपाच पडदे खाली स्क्रोल करावं इतकं लांब. माझं मत होतं की आधी तिन्ही एकत्र करावेत, मग एकाच जागी दुरुस्ती होईल. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, उलट सांगितलं: दुरुस्ती आधी, आहे तशा कोडमध्ये, तिन्ही ठिकाणी, दुसरी एकही ओळ न हलवता. स्थिर आवृत्तीच्या ब्रँचमध्ये तेवढीच नेता आली पाहिजे. लोकांच्या हातात चुकीचं वाचणारा डीबगर असताना सफाईची वाट बघायला लावणं बरोबर नाही, हे पटलं. तो पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, लवकर आत गेला. कमिटच्या संदेशात मी लक्षण, कारण आणि बग घडवायची रीत तिन्ही लिहिलं, त्यामुळे रिव्ह्यूत प्रश्न जवळजवळ आलेच नाहीत.

रिफॅक्टरिंगचं, म्हणजे वागणूक न बदलता कोड आवरण्याचं, तसं झालं नाही. ‘वागणूक बदललेली नाही’ असं कमिटमध्ये लिहिणं सोपं असतं, पण डीबगरच्या बाबतीत वागणूक म्हणजे तारेवर गेलेली बिटं. आणि तिन्ही अ‍ॅडॉप्टर माझ्याकडे नव्हते. म्हणून सफाईला हात घालण्याआधी एक खोटा अ‍ॅडॉप्टर लिहिला. तो यूएसबीवर काहीच पाठवत नाही, ड्रायव्हरने दिलेली प्रत्येक बिट फाइलमध्ये नोंदवतो. दुसऱ्या टोकाला एक इवलीशी नकली चिप: टार पुढे सरकवते, एक व्यवहार उशिरा उत्तर देते, चिकट झेंडा पाळते, आणि सांगाल त्या क्रमांकाच्या व्यवहाराला वेट देते. मग एका लूपमध्ये पहिल्यापासून शेवटच्या व्यवहारापर्यंत प्रत्येक जागी वेट घालून वाचलेलं ताडून पाहायचं.

या खोट्या अ‍ॅडॉप्टरने पहिल्याच फेरीत मोबदला दिला. जुन्या कोडवर चालवला तर एका प्रतीत शेवटच्या आरडीबफला वेट दिल्याबरोबर डीबगर कोसळायचा. तिथे पॉइंटर नल (कुठल्याच जागेकडे बोट न दाखवणारा) झालेला असायचा आणि तपासणी नव्हती. ‘कधीकधी सेगमेंटेशन फॉल्ट येतो’ (म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅम कोसळतो) अशी एक जुनी, कोणाला घडवून दाखवता न आलेली तक्रार उघडी पडून होती, तिचं मूळ हे निघालं. आमच्या दुरुस्तीने ती आपोआप मिटली होती.

त्यानंतरचे पॅच मी कंटाळवाणे ठेवले. एकात फक्त नावं बदललेली. एकात पोच तपासण्याचा तुकडा वेगळ्या फंक्शनमध्ये. एकात ग्लोबल व्हेरिएबल उचलून स्ट्रक्टमध्ये. प्रत्येक पॅचच्या आधीची आणि नंतरची बिटांची नोंद तंतोतंत जुळली तरच पुढे जायचं. रिव्ह्यू करणाऱ्यालाही हे सोयीचं पडतं, कारण त्याला दर वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो.

एकत्र करायची वेळ आली तेव्हा नोंदी जुळेनात. एक प्रत रांग संपल्यावर आठ रिकामे क्लॉक देत होती, दुसरी देत नव्हती. नियमाप्रमाणे क्लॉक थांबवायचं असेल तर आधी ते द्यावे लागतात, नाहीतर शेवटचा व्यवहार चिपच्या आत अर्धवट राहू शकतो. दुसऱ्या प्रतीत ते का नव्हते? गिटच्या इतिहासात कारण सापडलं नाही. तिसऱ्या प्रतीत पॅरिटीची तपासणीच नव्हती. अशा वेळी ‘एकत्र करताना सुधारून टाकलं’ म्हणण्याचा मोह मोठा असतो. मी फरक जसेच्या तसे ठेवले, प्रत्येकासाठी एकेक पर्याय काढला, कोड एकत्र केला आणि मग ते पर्याय काढून टाकणारे वेगळे पॅच पाठवले. पॅरिटीच्या पॅचनंतर एकाने कळवलं की त्याचा बोर्ड आता चुका दाखवतो. त्याची केबल वाजवीपेक्षा लांब होती. डेटा आधीही बिघडतच असणार, फक्त कोणी सांगत नव्हतं.

रिव्ह्यूत एक सूचना आली की जेटॅगचा, म्हणजे चिपशी बोलायच्या दुसऱ्या पद्धतीचा, रस्ताही याच फंक्शनमध्ये घ्यावा, पोच तिथेही तीनच बिटांची आहे. मी नाही म्हटलं. एसडब्ल्यूडीमध्ये ओके म्हणजे १ आणि वेट म्हणजे २, तर जुन्या जेटॅग पद्धतीत वेट १ आणि ओके २, बरोबर उलट. शिवाय तिच्यात ओके आणि फॉल्ट यांना एकच आकडा आहे, खरं काय ते वेगळं रजिस्टर वाचून ठरवावं लागतं. इतक्या वेगळ्या दोन गोष्टी ओळी वाचवण्यासाठी एका फंक्शनमध्ये कोंबल्या की आत इफ-एल्सचं जंगल उगवतं, आणि पुढच्या माणसाला पुन्हा रिफॅक्टरिंग करावं लागतं. त्याऐवजी दोन्हीकडच्या स्थिरांकांना स्पष्ट उपसर्ग दिले, कारण तोवर दोन हेडरांमध्ये (सामायिक व्याख्यांच्या फाइलींमध्ये) एकाच नावाला दोन किमती होत्या आणि कुठली लागू होईल हे इन्क्लूडच्या क्रमावर ठरत होतं.

माझ्याकडे नसलेल्या अ‍ॅडॉप्टरांपैकी एकाची चाचणी एका सहकाऱ्याने केली. दुसऱ्यासाठी प्रकल्पाच्या मेलिंग यादीवर विचारणा करून बराच काळ वाट पाहिली. शेवटी एकाकडे तो निघाला, पण जुन्या फर्मवेअरचा. त्याच्यावर रांगेची लांबी अर्धी ठेवली तरच सगळं चालतं, आणि हे नव्या कोडमुळे नाही, जुन्यातही तसंच होतं. तेवढी मर्यादा ड्रायव्हरमध्ये आवृत्ती पाहून घातली. मूळ तक्रार करणाऱ्याने त्याच्या बोर्डावर फ्लॅश पुन्हापुन्हा वाचत ठेवली, एकही वर्ड चुकला नाही, आणि तक्रार बंद केली. सविस्तर लॉग आता रांग मोडत नाही, व्यवहार संपल्यावर साठवलेल्या नोंदी छापतो. तो बदल मात्र काहींना आवडलेला नाही. डीबगर मध्येच कोसळला तर शेवटच्या नोंदी हाती लागत नाहीत, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्यावरचा पॅच अजून रिव्ह्यूत आहे.