मांडवीचं उलटं पाणी

एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही, या ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसच्या म्हणण्यावर लोक अडीच हजार वर्षं माना डोलावत आलेत. गोव्यातल्या मांडवीकाठी मात्र ते जरा अडखळतं. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत उभं राहिलं की ओहोटीला एखादी झावळी समुद्राकडे चाललेली दिसते. सहा-एक तासांनी तशीच एखादी उलट डिचोलीच्या दिशेने निघालेली असते. गेलेलं पाणी परत येतं, फक्त खारट होऊन.

यात हेराक्लिटसचा दोष नाही. तो इफिससचा, एजियन समुद्राकाठचा, आणि तिथे भरती-ओहोटी जवळपास नसतेच. त्याच्या शहराजवळची नदी एकाच दिशेने वाहायची, येताना गाळ आणायची. त्या गाळाने पुढे इफिससचं बंदरच बुजलं. आज समुद्र त्या अवशेषांपासून काही किलोमीटर लांब आहे. त्याच्या विचाराचा वारसदार क्रॅटिलस तर म्हणे, एकदाही उतरता येत नाही! शेवटी तो बोलणं सोडून नुसतं बोट हलवायचा, असं ॲरिस्टॉटल लिहितो. फेरीत शेजारी बसायला हा माणूस बरा.

आपल्याकडची मंडळी जास्त भांडखोर. बौद्धांनी सगळंच अनित्य ठरवलं. सांख्य म्हणाले, दही दुधात आधीपासूनच असतं, फक्त प्रकट होतं. शंकराचार्यांनी बदल हाच आभास, दोरीवर दिसलेला साप, म्हणून वादच मिटवला. मला पटतो तो बौद्ध भिक्खू नागसेन. मिलिंद राजाला तो विचारतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, पण वेगळीही नाही.

सप्तकोटेश्वराचं असंच आहे. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत मुळात दिवाडी बेटावरचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. जागा बदलली, भिंती बदलल्या, राज्यं बदलली. हा तोच देव का, असं नार्व्यात कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. आजही दिवाडीहून नार्व्याला फेरीनेच जातात.

बदलाचा खरा अभ्यास मला दिसतो तो खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीत. बांधातली ही लाकडी दारं नुसती पाण्याच्या जोरावर चालतात. भरती चढू लागली की बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी तेच दार ढकलून बाहेर पडतं. तिथेच जाळं लावलेलं असतं. सुंगटं (कोळंबी), शेवटे असे मासे त्यात येतात. भिजून काळं पडलेलं ते लाकूड, फटींतून सुटणाऱ्या बारीक पिचकाऱ्या, वर बसलेला खंड्या. बांध फुटला तर खाऱ्या पाण्याला तोंड देणारं कोरगूट भातसुद्धा किती तग धरणार? आमच्या भागात बांधांच्या डागडुजीबाबत हल्ली सगळा आनंदच आहे, पण तो विषय काढला की संध्याकाळ संपते.

एकोणिसाव्या शतकाने बदलाला दिशा दिली. हेगेलसाठी इतिहास कुठेतरी पोचायला निघालेला होता. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. त्याच्या निसर्गाला पोचायचं ठिकाण नव्हतं, पण लोकांनी तेही शिडी म्हणूनच वाचलं. तेव्हापासून बदल म्हणजे पुढे जाणं. पुढे म्हणजे नक्की कुठे, यावर फेरीत रोज वाद होतो, आणि तो पुलाचा असतो. एक काका म्हणतात, पूल झाला की दिल्लीवाले जमिनी घेणार, बेटाचं बेटपण गेलं. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, काका, तुम्ही रिटायर झालात, मला आठचं लेक्चर गाठायचंय. मला काकांची भीती खरी वाटते. तरीही रात्री घरातलं माणूस छातीत कळ येऊन पडलं तर फेरीची वाट बघत धक्क्यावर थांबायची माझी तयारी नाही, म्हणून माझं मत मुलीला.