पेन उघडतो आणि थेट घरी जातो (उकललं!)

टीमक्स म्हणजे एकाच टर्मिनलचे अनेक कप्पे (पेन) करणारा प्रोग्रॅम. माझा नवा पेन मी असलेल्या फोल्डरऐवजी होम फोल्डरमध्येच उघडायचा. तीन आठवडे छळणारा हा दोष एकदाचा सापडला. आणि तो टीमक्समध्ये नव्हताच.

मागच्या वेळी कॉन्फिगमधली, नव्या पेनचं फोल्डर ठरवणारी डीफॉल्ट-पाथची ओळ काढून टाकली होती. तो पर्याय १.९ आवृत्तीत, म्हणजे २०१४ सालीच गेला, तरी त्या शिळ्या कढीला ऊत आणणारे लेख संपत नाहीत. त्याऐवजी पेन दुभागणाऱ्या दोन्ही स्प्लिट-विंडो आज्ञांना हायफन-सी (सुरुवातीचं फोल्डर) लावून पेन-करंट-पाथ (चालू पेनचं फोल्डर) दिला. अवतरणचिन्हांत बरं का, नाहीतर त्यातल्या हॅशपासून पुढचं सगळं कॉमेंट. कॉन्फिग सोर्स केली (परत वाचायला लावली), मांजरा धरणाच्या पातळीच्या फोल्डरमधून प्रीफिक्स-टक्के (पेन दुभागायच्या कळा) दाबलं, तर नवा पेन होममध्ये! किल-सर्व्हरने टीमक्स पुरता बंद करून पुन्हा सुरू केला. तेच.

इथं लातुरात लाईट गेली की माझा डेस्कटॉप बसतो आणि टीमक्सची सगळी सेशन्स (उघड्या पेन-विंडोंचे संच) साफ. दर वेळी सहा पेनमध्ये सीडी (फोल्डर बदलायची आज्ञा), सीडी. लई वैताग.

रविवारी रात्री डिस्प्ले-मेसेजने पेन-करंट-पाथ छापून पाहिला. धरणाचंच फोल्डर, अगदी बरोबर. मग स्प्लिट-विंडोला टेम्प फोल्डर देऊन शेलऐवजी (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, माझ्याकडे बॅश) नुसती पीडब्ल्यूडी, म्हणजे चालू फोल्डर दाखवणारी आज्ञा, चालवली. टेम्पच आलं. नॉर्कने, म्हणजे बॅशआरसी न वाचता, बॅश उघडली, तरी टेम्प. म्हणजे टीमक्स बिचारा बरोबर जागी सोडत होता, तिथून पळवून नेत होती ती माझी बॅशआरसी, बॅश सुरू होताना वाचते ती फाइल. उघडली तर तळाशी माझ्याच हातची ओळ: सीडी टिल्डा, म्हणजे होममध्ये जा. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) विंडोजच्या फोल्डरमध्ये उघडतं म्हणून कधीतरी घातलेली. चोर घरातच!

टीमक्स व्हेरिएबल रिकामं असेल (म्हणजे मी टीमक्सबाहेर असेन) तरच सीडी, अशी अट घातली. प्रीफिक्स-टक्के. धरण! उगाच दहा पेन उघडले.

आता सगळी सेशन्स मांडून देणारी स्क्रिप्ट लिहिणार होतो. प्लगइन नको, चार ओळींच्या कामाला कशाला ते लोढणं? पण हे लिहिता लिहिताच सुचलं: न्यू-सेशनलाच हायफन-सीने प्रकल्पाचं मूळ फोल्डर दिलं, तर प्रीफिक्स-सीला (नव्या विंडोच्या कळांना) हात लावायचीच गरज नाही. नवी विंडो त्या मूळ फोल्डरमध्ये उघडेल, स्प्लिट मात्र मी असेन तिथे. हेच करतो. मध्येच मूळ बदलायचं झालं तर अटॅच हायफन-सी आहेच.

एक खडा उरलाय. धरणाचं फोल्डर डी ड्राइव्हवर आहे, होममध्ये त्याची सिमलिंक (त्या पत्त्याकडे नेणारा दुवा). पेन-करंट-पाथ प्रॉकमधून (लिनक्सची चालू प्रोग्रॅम्सची माहिती) खरा, लांब पत्ता उचलतो, त्यामुळे नव्या पेनचा प्रॉम्प्ट अर्धी ओळ खातो. आता पीएस-वनकडे, म्हणजे प्रॉम्प्ट ठरवणाऱ्या व्हेरिएबलकडे, वळतो.