तुम्ही विचारलंत म्हणून: होडीला शेपटी कशासाठी?

हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर (धरणामागे साठलेल्या पाण्यावर) माझी छोटी प्लायवूडची होडी पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: सरळ फिरणारा पंखा (प्रोपेलर) बसवायचा सोडून ही माशासारखी शेपटी कशासाठी? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

खोल, मोकळ्या पाण्यात आणि वेगासाठी पंख्याला तोड नाही. परंतु उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की काठालगत गाळ आणि पाणवेलीच उरतात, आणि त्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळल्या की होडी जागीच अडते. डावी-उजवीकडे हलणाऱ्या पराची, म्हणजे शेपटीच्या पात्याची, पुढची कड मागे कललेली ठेवली, तर वेल तिच्यावरून घसरून जाते. शिवाय तळाला भोक पाडून फिरता दांडा बाहेर काढावा लागत नाही. मागच्या फळीवर बिजागरी आणि पायाने ढकलायचा दांडा एवढ्यावर भागते.

सगळी मेख पराच्या लवचिकपणात आहे. ताठ फळी हलवली तर पाणी बहुतेक बाजूलाच फेकले जाते आणि होडी पुढे जाण्यापेक्षा डुलतेच जास्त. पुढची कड ताठ आणि मागची कड किंचित मागे रेंगाळणारी असली, तर पराचा पृष्ठभाग तिरपा होऊन पाणी नीट मागे सारतो. माझा पर कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या रबरी पट्ट्याचा आहे. पुढच्या कडेला स्टीलची सळई बसवून मागची बाजू ग्राइंडरने थोडी थोडी पातळ करत नेली. ती जाड राहिली तर पाय दुखतात, फार पातळ झाली तर नुसती फडफडते. अंगठ्याने कड दाबून पाहिल्याशिवाय मी पुढे घासत नाही.

किती वेगाने हलवायचे, याला माशांचाच आधार आहे. दर सेकंदाचे हेलकावे (एका बाजूला जाऊन परत येणे म्हणजे एक) गुणिले हेलकाव्याची रुंदी, भागिले पुढे जाण्याचा वेग, या प्रमाणाला स्ट्राउहाल अंक म्हणतात आणि कार्यक्षम पोहणाऱ्या प्राण्यांत तो साधारण ०.२ ते ०.४ दरम्यान असतो. होडी सेकंदाला १.२ मीटर जावी आणि पर ४० सेंटिमीटर हलावा, तर सेकंदाला सुमारे एक हेलकावा पुरतो. पायाला ही लय सहज जमते.

एकाच पराने होडीचे नाक मात्र डावी-उजवीकडे वळत राहते. ते आवरण्यासाठी तळाला उभी फळी लावली आहे. अमेरिकेतील होबी कंपनीने १९९७ साली आणलेल्या पायडलच्या यंत्रणेत दोन पर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने हलतात, त्यामुळे बाजूचे धक्के बरेचसे एकमेकांना खोडतात. माझ्या पुढच्या होडीचा आराखडा त्याच तत्त्वावर चालू आहे.