आमची वाटचाल : खुणेचा कपडा

आमचे आजोबा पुण्यात लोकांचे कपडे धुवायचे आणि प्रत्येक कपड्यावर बिब्ब्याने खूण करायचे. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकाला आलेला रस कापडाच्या काठाला लावायचा आणि वरून चुना फिरवायचा. काळी पडलेली ती खूण पुढे कितीही भट्ट्या लागल्या तरी जात नसे. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाचे तीन ठिपके, कुणाच्या दोन रेघा, कुणाचा ठिपका आणि खाली रेघ. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण नारायण पेठेतल्या कुठल्या वाड्यातलं कुठलं धोतर, हे ते काठ उलटून सांगत.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. मुठेच्या काठची आमची भट्टी आणि दोरीवरचे लोकांचे कपडे एका दिवसात गेले. गिऱ्हाइकांचीही घरं वाहून गेली होती, त्यामुळे बहुतेकांनी कपड्यांचा विषय काढला नाही. आजोबांनी मात्र कुणाचं काय होतं ते आठवून आठवून हिशेब लावला आणि पुढची सहा वर्षं ते थोडं थोडं फेडत राहिले. आमच्या घरात धंद्याची गोष्ट इथूनच सांगतात.

वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९७८ साली मॉडेल कॉलनीच्या बाजूला इस्त्रीचं टेबल टाकलं आणि पुढे तिथेच लाँड्री उघडली. त्या भागात परदेशी माणसं दिसू लागली होती. डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली सिम्बायोसिस जवळ होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या योगाचार्य अय्यंगारांच्या संस्थेत महिना-दोन महिने राहून शिकणारे लोक दूरदूरच्या देशांतून येत. घर भाड्याचं, मशीन नाही, भाषा येत नाही, आणि सोबत मोजके कपडे. आपल्याकडे एक शर्ट बिघडला तर दुसरा असतो. त्या माणसाकडे चार असतात आणि तसा पाचवा इथे मिळत नाही. हे समजायला आम्हाला एक स्वेटर वाया घालवावा लागला.

योग शिकायला आलेल्या एका बाईंचा तो लोकरीचा स्वेटर अण्णांनी इतर कपड्यांबरोबर गरम पाण्यात टाकला. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आवळतं. एकदा आवळलं की सुटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला बसेल एवढा स्वेटर उरला. अण्णांनी तो नीट घडी करून समोर ठेवला, खिशातले पैसे पुढे केले आणि हात जोडले. इंग्रजी येत नव्हतं, पण लपवालपवी केली नाही. बाईंनी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या पट्टीवरच्या चित्रांचा अर्थ कागदावर काढून दिला. पाण्याचं घमेलं आणि त्यातला आकडा म्हणजे पाणी किती गरम चालेल, त्रिकोण म्हणजे ब्लीच, वर्तुळ म्हणजे ड्राय क्लीनिंग. तो कागद काचेत बसवून आजही काउंटरच्या मागे लावलेला आहे. वर्तुळात पी असला तर कपडा परक्लोरोइथिलीनसारख्या जोरकस द्रावणातही चालतो, एफ असला तर फक्त सौम्य द्रावण. आमच्याकडे सौम्यच आहे, म्हणून दोन्ही घेतो. चामडं घेत नाही, कारण ते आम्हाला येत नाही, आणि हे आम्ही आधीच सांगतो.

१९९८ मध्ये दुकान माझ्याकडे आलं. सगळ्यात अवघड गेलं ते 'उद्या' या शब्दाचं. आपल्याकडे 'उद्या देतो' हे बऱ्याचदा नाही म्हणायचा संकोच वाटतो म्हणून म्हटलं जातं, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. परदेशातून आलेला माणूस मात्र त्या उद्यावर रात्रीचं विमान ठरवून बसतो. एका विद्यार्थ्याला असाच उद्या सांगितला होता. ऐन पावसाळा, कपडे ओले, आणि त्याची मुंबईची गाडी दारात उभी. मी आणि माझी पत्नी, दोघांनी दोन इस्त्र्या घेऊन एकेक कपडा वाफ काढत कोरडा केला. तो शेजारी स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होता. एक शब्द बोलला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून पावतीवर वार आणि तारीख लिहितो. जमणार नसेल तर आदल्या दिवशी आम्हीच फोन करतो. आषाढ-श्रावणात दोन दिवसांचे चार होतात, हे कपडे घेतानाच सांगतो. पुढे कर्ज काढून ड्रायर घेतला, कारण पावसाळ्यात पंख्याखाली वाळवलेल्या कपड्याचा कुबट वास कुठल्याही साबणाने जात नाही.

दुसरा प्रश्न आतल्या कपड्यांचा. आपल्याकडे ते ज्याचे त्याने धुवायचे, परटाकडे द्यायचे नाहीत, ही रीत. परदेशी गिऱ्हाईक आठवड्याची अख्खी पिशवी आणून ठेवतं, त्यात सगळंच असतं. अण्णा ते कपडे बाजूला काढून परत द्यायचे आणि माणूस ओशाळून जायचा. मार्ग माझ्या पत्नीने काढला. नंबर घातलेली जाळीची पिशवी गिऱ्हाइकाला द्यायची, आतले कपडे त्यानेच भरून चेन लावायची, आम्ही पिशवी न उघडता धुऊन ड्रायरमध्ये वाळवायची आणि तशीच परत करायची.

तरी पूर्व आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, "काकू, यांना इस्त्री पण हवी. बनियन, मोजे, सगळ्यांना." आम्हाला नवल वाटलं. मग त्याने सांगितलं, की त्याच्या गावाकडे एक माशी बाहेर वाळत घातलेल्या दमट कपड्यांवर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी कातडीत शिरते आणि गळू होतं. म्हणून तिकडे प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री करतात, उष्णतेने अंडी मरतात. ही माशी आपल्याकडे नाही, हे त्याला सांगता आलं असतं. पण आईने लहानपणापासून लावलेली सवय परमुलखात कशाला मोडायची? त्याची पिशवी तेवढी आम्ही त्याच्या परवानगीने उघडायचो. तीन वर्षं त्याच्या मोज्यांना इस्त्री झाली.

हळदीचा किस्सा तर वर्षातून दोन-तीनदा होतो. मिसळीची तर्री पांढऱ्या कुर्त्यावर सांडते, मुलगी घरीच साबण लावते आणि पिवळा डाग लालभडक होतो. ती रडवेली होऊन येते, कपडा गेलाच असं समजून. मग मी सांगतो, आमच्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करतात, तुझ्या साबणाने तेच केलंय. तेल आधी काढायचं, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं आणि कुर्ता उन्हात टाकायचा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. एरवी रंगीत कपडे आम्ही उलटे करून सावलीत वाळवतो, तिथे पुण्याचं मार्च-एप्रिलचं ऊन वैरी. हळदीच्या डागाला तेच औषध.

कोरेगाव पार्कातून ओशो आश्रमाचे झगे यायला लागले, तेव्हा दिवसाचा मरून आणि संध्याकाळचा पांढरा एकाच पिशवीत असायचा. मरून नवा असेल तर रंग सोडतोच. आता पिशवी गिऱ्हाइकासमोर रिकामी करतो, कपडे मोजतो, आधीचा डाग किंवा उसवलेली शिवण दाखवतो आणि दोघंही सही करतो. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी आलं, की साबणाचा फेस होत नाही आणि पांढरे कपडे करडे पडत जातात. त्यासाठी मिठावर चालणारं पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं. दरपत्रक भिंतीवर मराठीत आणि इंग्रजीत आहे, आणि दोन्हीकडे आकडा एकच आहे. चेहरा बघून भाव सांगणं अण्णांना कधी जमलं नाही, मलाही नाही.

बिब्बा आता वापरत नाही. तो काहींच्या अंगावर उततो, आणि नवख्या माणसाला ते कशामुळे झालं तेही कळणार नाही. आम्ही कापडी पट्टीवर नंबर छापून गरम दाबाने चिकटवतो. आजोबांच्या ठिपक्या-रेघांची वही मात्र कपाटात आहे. अण्णांनी त्यांच्याकडून विचारून विचारून ती काढून ठेवली होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एकवीस जणांचे कपडे दुकानात होते. बरेच जण मिळेल त्या विमानाने मायदेशी गेले. आम्ही प्रत्येकाला निरोप पाठवला, की कपडे धुऊन ठेवले आहेत, काळजी करू नका. नंतर काही जण परत आले, काहींच्या मित्रांनी नेले, काही आम्ही टपालाने पाठवले. तिघांचा पत्ता लागलेला नाही. त्यांच्या पिशव्या वरच्या फळीवर आहेत. दरवर्षी दसरा झाला की आम्ही त्या खाली काढतो, कपड्यांना ऊन दाखवतो, डांबराच्या गोळ्या बदलतो, नंबर ताडून पाहतो आणि पुन्हा घडी घालून ठेवतो.