तुम्ही विचारलंत म्हणून : म्युच्युअल फंडात कमीत कमी किती भरावे लागतात?

गेली चौदा वर्षे मी कराड आणि आसपासच्या गावांत म्युच्युअल फंडांची वितरक म्हणून काम करते. त्याआधी टपाल कार्यालयाच्या आवर्ती ठेवींची एजंट होते आणि दर महिन्याला घरोघरी जाऊन हप्ते गोळा करत असे. दोन्ही कामांत मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "ताई, कमीत कमी किती भरावे लागतात?" टपालाच्या ठेवीबाबत त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत असे. म्युच्युअल फंडाबाबत मात्र सगळ्या योजनांना लागू पडेल असा एक आकडा नाही. प्रत्येक फंड कंपनी आपल्या प्रत्येक योजनेची किमान रक्कम स्वतः ठरवते आणि योजनेच्या माहितीपत्रकात ती छापते.

साधारण चित्र असे आहे. एकरकमी गुंतवणुकीसाठी कुठे 5,000 रुपये लागतात, कुठे 1,000, कुठे 500, तर काही योजनांत 100 रुपयेही पुरतात. मासिक एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेचा हप्ता, बऱ्याच ठिकाणी 500 रुपयांपासून, तर अनेक ठिकाणी 100 रुपयांपासून सुरू करता येते. करबचतीच्या ईएलएसएस योजनांत 500 रुपये आणि पुढे 500 च्या पटीत असा नियम असतो; तिथे प्रत्येक हप्ता आपापल्या तारखेपासून 3 वर्षे अडकून राहतो, हेही लक्षात ठेवावे. शिवाय एकाच योजनेत पहिल्या खरेदीची किमान रक्कम वेगळी, नंतरच्या खरेदीची वेगळी आणि एसआयपीची आणखी वेगळी असू शकते, आणि एसआयपीला बहुधा किमान 6 किंवा 12 हप्त्यांची अटही असते. म्हणून केवळ जाहिरातीतला आकडा पाहून पैसे काढून ठेवू नयेत. माहितीपत्रकातला किमान रकमांचा तक्ता दोन मिनिटांत वाचून होतो.

किमान रक्कम मुळात असते कशासाठी, हे समजले की पुढचा गोंधळ टळतो. युनिट, म्हणजे योजनेतला तुमचा वाटा, अपूर्णांकातही मिळत असल्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने तिची काहीच गरज नाही. युनिटचा भाव 80 रुपये असताना 500 रुपये भरले, तर अडीच पैशांचे मुद्रांक शुल्क वजा होऊन जवळजवळ सव्वासहा युनिट तुमच्या खात्यात जमा होतात. गरज असते ती खर्चामुळे. गुंतवणूकदाराची केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) करणे, खात्यांचा हिशेब सांभाळणाऱ्या निबंधकाकडे नोंद ठेवणे, बँकेतून पैसे वळते करणे, विवरणपत्र पाठवणे या कामांचा खर्च 100 रुपयांसाठी आणि 1 लाख रुपयांसाठी फारसा वेगळा नसतो. कागदी अर्ज आणि धनादेश यांच्या काळात 5,000 चा आकडा सर्रास दिसत असे, त्याचे एक कारण हेच होते. आधारवर आधारित केवायसी आणि हप्ता आपोआप कापणारे यूपीआय ऑटोपे आल्यावर तो खर्च घटला. जानेवारी 2025 मध्ये म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 250 रुपयांच्या छोट्या एसआयपीचा प्रस्ताव मांडला आणि फेब्रुवारीत एसबीआय म्युच्युअल फंडाने त्याच रकमेची जननिवेश एसआयपी सुरू केली. अशा हप्त्यातून वितरकाला मिळणारे कमिशन नगण्य असते आणि त्यामुळेच छोट्या गुंतवणूकदाराच्या दारात कुणी जात नाही, ही वस्तुस्थिती मी या व्यवसायात राहून सांगते आहे, आणि ती मला खटकते.

मोठ्या गुंतवणूकदारांसाठीच्या, जास्त जोखमीच्या प्रकारांत याच्या अगदी उलट कारणाने ठेवलेल्या किमान रकमाही आहेत. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवेसाठी 50 लाख रुपये, पर्यायी गुंतवणूक निधीसाठी 1 कोटी आणि 1 एप्रिल 2025 पासून आलेल्या विशेषीकृत गुंतवणूक निधीसाठी 10 लाख रुपये या मर्यादा खुद्द सेबीने घातल्या आहेत. तिथली जोखीम पेलण्याची ताकद नसलेल्या माणसाने आत येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. म्हणजे एकीकडची किमान रक्कम खर्च भागावा म्हणून असते आणि दुसरीकडची कुंपण म्हणून. पण तुमच्या घरची मिळकत, कर्ज, मुलांची फी यांचा विचार या दोन्हींत कुठेही नसतो.

हे मी एका चुकीतून शिकले. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एका बाईंना मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी सुरू करायची होती. "तीनशे जमतील," असे त्या म्हणाल्या. मी निवडलेल्या योजनेत किमान हप्ता 500 रुपयांचा होता, म्हणून मी त्यांना 500 चा अर्ज भरायला लावला आणि वरचे दोनशे कुठून येतील, हे विचारले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना मानधन मिळत नसे. मे आणि जून असे दोन हप्ते खात्यात शिल्लक नसल्यामुळे परत गेले आणि बँकेने प्रत्येक वेळी 250 रुपये दंड व त्यावर 18 टक्के जीएसटी, असे दोन्ही वेळचे मिळून 590 रुपये कापले. फंड कंपनीने काहीच दंड लावला नव्हता, पण बँकेने कापलेली रक्कम त्यांच्या एका हप्त्यापेक्षा मोठी होती. लागोपाठ तिसरा हप्ताही चुकला असता, तर एसआयपीच रद्द झाली असती. योजनेच्या किमान रकमेला माणूस जुळवून घ्यायचा नसतो, माणसाला परवडेल अशी योजना शोधायची असते. ते काम माझे होते आणि मी ते केले नव्हते.

तेव्हापासून "किती भरावे लागतात?" या प्रश्नावर मी आधी "तुमचा सर्वांत ओढगस्तीचा महिना कोणता?" असे विचारते. शेतकऱ्याला तो बहुधा पेरणीच्या सुमारास येतो, पालकांना जूनमध्ये. त्या महिन्यातही न चुकता निघेल तेवढाच हप्ता लावावा, पगाराच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांची तारीख निवडावी आणि दिवाळीचा बोनस किंवा उसाचे बिल आले की वेगळी एकरकमी भर घालावी.

मात्र परवडत असूनही किमान रकमेवरच थांबणारे लोक मला तितकेच भेटतात आणि त्यांच्यासमोर मी कागदावर हिशेब मांडते. दरमहा 100 रुपये 20 वर्षे भरले, तर तुमचे 24,000 रुपये जातात. वर्षाला 10 टक्के परतावा मिळाला असे केवळ गृहीत धरले, कारण त्याची हमी कुणीही देत नाही, तर साधारण 76,000 रुपये होतात. पण महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर त्या 76,000 रुपयांत तेव्हा जे येईल, ते आज 24,000 रुपयांच्या आतच येते. एवढ्या पैशांतून मुलीचे शिक्षण होणार नाही. 100 रुपयांच्या दहा योजना घेणाऱ्यांचेही तसेच होते. रक्कम 1,000 च राहते आणि विवरणपत्रे मात्र दहा होतात. त्यापेक्षा एकच योजना घेऊन दरवर्षी हप्ता वाढवण्याची सूचना अर्ज भरतानाच द्यावी. बहुतेक फंड कंपन्या ती सोय देतात.

त्या बाईंची एसआयपी आम्ही 100 रुपये किमान हप्ता असलेल्या योजनेत नव्याने सुरू केली, 200 रुपयांनी. मे महिन्यापुरते पैसे त्या एप्रिलमध्येच खात्यात ठेवतात. गेल्या जूनमध्ये त्यांनी हप्ता 400 केला, आणि तो आकडा त्यांनी स्वतः घरी हिशेब करून आणला होता.