डब्यातली पावली

शर्टाचं बटण तुटलं म्हणून बटणांचा डबा पालथा घातला, तर बटणांच्या गर्दीतून चार आणे घरंगळत बाहेर आले. बोटाच्या पेरावर मावेल एवढं नाणं, त्यावर मान खाली घातलेला गेंडा. उलटून पाहिलं तर आकडा स्वच्छ दिसतो : २५ पैसे.

मग मी त्याला चार आणे का म्हटलं? दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे गेले, १०० नवे पैसे आले. गेंडा तर त्यानंतर तीसेक वर्षांनी नाण्यावर चढला. त्या बिचाऱ्यानं आणा पाहिलेलाही नाही, आणि मीही नाही. तरी तोंडात आले ते आणेच.

आई त्याला पावली म्हणते. तिचं नाव जास्त शहाणं. रुपयाचे सोळा भाग करा नाहीतर शंभर, पाव तो पावच. अधेलीचंही तेच. म्हणून तर हिशेब बदलले तरी ही नावं टिकली, आणि अक्कल थोडी कमी असलेल्याची पावली कमी ती कमीच राहिली. ‘नवा पैसा’ मात्र फसला. नवेपणा किती दिवस पुरणार? १९६४ मध्ये सरकारनंच त्यातला ‘नवा’ काढून टाकला.

खुद्द रुपयाचं नाव सगळ्यात देखणं. पाणिनीच्या एका सूत्रानुसार ‘रूप्य’ म्हणजे ठसा मारलेलं, किंवा मग सुंदर रूपाचं. पुढे चांदीच रुपं झाली. सोन्यारुप्यातलं रुपं ते हेच. सोळाव्या शतकात शेरशाह सुरीनं साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदीचा रुपया पाडला आणि नाव पक्कं झालं. आजचा रुपया पोलादाचा. चांदी गेली, ठसा राहिला, म्हणजे पाणिनीच्या हिशेबानं नाव अजून खरंच म्हणायचं.

‘दाम’ आपल्याला अगदी घरचा वाटतो, पण तो ग्रीकांच्या द्राख्मेकडून ‘द्रम्म’ होत होत आला. द्राख्मे म्हणजे मूठभर. नाणी येण्याआधी तिकडे लोखंडी सळया चालत, आणि सहा सळया मुठीत मावत. दमडीसाठी चमडी सोलून घेणाऱ्यांनी मूठ का आवळलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

डॉलर तर एका दरीचं नाव घेऊन फिरतो. बोहेमियातल्या योआखिम्सथाल (म्हणजे संत योआखिमची दरी) गावी चांदी सापडली, १५२० च्या सुमारास तिथं नाणी पडू लागली, ती ‘योआखिम्सथालर’. एवढं लांबलचक नाव बाजारात कोण घेणार? पुढचा संतच गळाला आणि ‘थालर’ उरला, म्हणजे नुसता ‘दरीवाला’. त्याचाच पुढे डॉलर झाला.

पण माझा जीव जडलाय तो अमेरिकेच्या निकेलवर. जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखं दिसणारं एक खनिज सापडे, पण कितीही भट्टी लावली तरी तांबं काही निघत नसे. खाणीतल्या निकेल नावाच्या खोडकर भुतानं ते पळवलं, असं म्हणून त्यांनी त्या दगडाला नाव दिलं ‘कुप्फरनिकेल’. १७५१ मध्ये त्यातून नवाच धातू वेगळा काढला गेला, त्याला नाव मिळालं ते त्या भुताचं. आणि अमेरिकेच्या पाच सेंटच्या ‘निकेल’मध्ये निकेल किती? २५ टक्के. बाकीचं ७५ टक्के तांबं! भुतानं पळवलेलं सगळं तिथं नेऊन ठेवलेलं दिसतंय.

गेंड्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. ते हातात फिरवत मी हे सगळं मनात घोळवत बसलो होतो, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, “सापडलं का?”

“पावली सापडली.”

“बरं झालं. तुझी कमीच होती.”