ज्याचा माल त्याला चार, गाडी चालवणाऱ्याला सात : भावाच्या अपिलाचा माझा अनुभव

इंदूरला माझ्या भावाची एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची केस चालली, त्याच्या अपिलाचं लिहितेय, कारण ज्यांच्या घरात हे येतं त्यांना नीट कोणी काही सांगत नाही. गाडीत आठ किलो गांजा सापडला, गाडी भाऊ चालवत होता, माल दुसऱ्याचा, हे पोलिसांच्या चालानमध्येच, म्हणजे आरोपपत्रातच होतं. तो दुसरा फरार होता म्हणून त्याची केस मागाहून वेगळी चालली. भावाला सात वर्षं सजा नि पन्नास हजार दंड, आणि ज्याचा माल त्याला चार वर्षं. आईला किती समजावलं तरी पटेना, आणि पटावं तरी कसं?

गांजा वीस किलोच्या वर गेला की कमर्शियल, तिथे कमीत कमी दहा वर्षं ठरलेलीच. एक किलोपर्यंत थोडा धरतात. मधल्या मालाला दहापर्यंत कितीही देता येते, खाली मर्यादा नाही, सगळं जजसाहेबांवर, म्हणून दुसऱ्या आरोपीशी सजेत बरोबरी मागायला जागा असते ती इथेच.

हायकोर्टात साठ दिवसांत जायचं, निकालाची नकल (प्रत) मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळतात. नातेवाईक घाबरवत होते की अपील केलं तर सजा वाढेल, पण आपल्याच अपिलात कोर्ट ती वाढवू शकत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं जावं लागतं किंवा कोर्टाला आधी नोटीस द्यावी लागते.

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, त्याला कमी मिळाली एवढ्यावर कोर्ट ऐकणार नाही, दोघांनी काय काय केलं ते शेजारी शेजारी मांडू." मग त्या दुसऱ्याच्या निकालाची नकल काढली आणि मी पेन्सिल घेऊन दोन्ही निकाल वाचत बसले, माल कोणी घेतला, पैसे कोणाचे, फोन कोणी केले. त्याच्या निकालात सजेवर अख्खं पान, वय एकोणीस, पहिलाच गुन्हा वगैरे. भावाच्या निकालात जेमतेम अडीच ओळी, समाजावर वाईट परिणाम होतो एवढंच, त्याचीही पहिलीच केस आणि घरी दोन लहान मुली, याचा उल्लेखच नाही! अपील उभं राहिलं ते या अडीच ओळींवर.

त्याची सजा वाढवा असं आम्ही कुठेही म्हटलं नाही, त्याची आईसुद्धा मुलाकातीच्या लाइनीत आमच्यासारखीच उभी असते.

पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा, पुढे पुढे जात राहिल्या. शेवटी भावाशी बोलून, दोषी ठरवण्यावर न भांडता, फक्त सजेवरच बहस केली आणि सातची पाच झाली. चार नाही, कारण दुसऱ्याचं वय खरंच कमी होतं, ते मला मान्य आहे. पण एनडीपीएसमध्ये जेलची माफी, म्हणजे जेलकडून सजेत मिळणारी सूट, मिळत नाही, त्यामुळे कोर्टाने कमी केलेली दोन वर्षं म्हणजे पूर्ण दोन वर्षं, आणि केस चालू असताना आत काढलेला काळ धरला जातो तो वेगळा. दंड मात्र तेवढाच राहिला, नाही भरला तर वर सहा महिने, तो आम्ही भरतोय, निम्मे मामा देणार आहेत.